चांदबिबीला लागलेला बोल

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आमच्या रानातून शहाडोंगरावरचा महाल दिसतो. खुरपणीला वाकलेली माझी आजी मधेच उभी राहून पाठ सरळ करते, तेव्हा तिची नजर हमखास तिकडे जाते. आमच्या पंचक्रोशीत त्याला चांदबिबीचा महाल म्हणतात. लहानपणी मला वाटे की चांदबिबी तिथेच राहत असावी आणि संध्याकाळी कमानीत उभी राहून आमची बाजरी पाहत असावी. महाविद्यालयात आले आणि पहिल्याच वर्षी कळले की तो महाल नव्हेच. ती कबर आहे, आणि तीही चांदबिबीची नाही. मूर्तझा निजामशहाचा कारभारी सलाबतखान याची ती कबर. नगरपासून पूर्वेला सुमारे १३ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून ३ हजार फुटांहून उंच अशा डोंगरावर ती अष्टकोनी, तीन मजली इमारत उभी आहे. म्हणजे जो तिथे पुरला आहे त्याचे नाव लोक विसरले, आणि जिचा त्या वास्तूशी संबंध नाही तिचे नाव मात्र चारशे वर्षे डोंगरावर टिकून राहिले!

मला हे उशिरा कळले याची थोडी लाजही वाटते. कारण अकरावीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी चांदबिबीवरच बोलले होते. शिसे संपले तेव्हा तिने तांब्याचे, मग चांदीचे, मग सोन्याचे गोळे करून तोफांत भरले आणि अखेर अंगावरचे दागिनेही शत्रूवर डागले, असे मी हात उंचावून सांगितले. टाळ्या पडल्या, उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले. आता या विषयावरची पुस्तके वाचल्यावर वाटते की मी सोन्याच्या गोळ्यांतच अडकले आणि तिच्या आयुष्यातली खरी लढाई मला दिसलीच नाही. ती लढाई तोफांची नव्हती. ती बोलण्याची होती. एका बाईने कोणाला गुप्त निरोप पाठवला, कोणाशी संधान बांधले, या कुजबुजीची होती.

चांदबिबीचा जन्म सुमारे १५५० सालचा. वडील हुसेन निजामशहा, आई खुंजा हुमायून. नगरचा भुईकोट किल्ला आज आपण दगडी स्वरूपात पाहतो तो याच हुसेनशहाच्या कारकिर्दीत, १५५९ ते १५६२ या काळात बांधला गेला. जो तट पुढे मुलीला लढवावा लागला तो बापाने बांधलेला होता. आईविषयी थोडे जास्त सांगितले पाहिजे. हुसेनशहा १५६५ साली वारला, मुलगा मूर्तझा लहान होता, म्हणून खुंजा हुमायून हिने राज्यकारभार हाती घेतला. तिने भावांना जहागिऱ्या दिल्या म्हणून सरदार कुरकुरू लागले, आणि १५६९ च्या सुमारास खुद्द मुलानेच आईला कैद केले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाची त्या काळातली सचित्र पोथी आहे. तिच्यातल्या चित्रांत हुसेनशहाशेजारी त्याची बेगम बसलेली काढलेली होती. पुढे कोणीतरी ती बेगम पुसून टाकली. राजा आहे, दासी आहेत, झाडे आहेत, आणि राजाशेजारी एक खरवडलेला डाग आहे. कारभार करणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येते, हे चांदबिबीला लहानपणीच तिच्या घरात कळले असेल.

चौदा-पंधरा वर्षांची असताना तिचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले. हे लग्न राजकारणाचे होते. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांना एकत्र यायचे होते, म्हणून निजामशहाने मुलगी दिली आणि तिच्याबरोबर ज्या सोलापूर किल्ल्यासाठी दोन्ही घराणी वर्षानुवर्षे भांडत आली होती तो किल्लाही आंदण दिला. आदिलशहाची बहीण मूर्तझाला दिली. आमच्याकडे याला साटेलोटे म्हणतात. पाठोपाठ जानेवारी १५६५ मध्ये तालीकोटची लढाई झाली आणि विजयनगर पडले. राजकारणासाठी झालेले हे लग्न पुढे चांगले चालले असे दिसते. अली तिला शिकारीला आणि स्वारीला बरोबर नेई. ती फारसी आणि अरबीबरोबर मराठी व कानडीही बोले, असे म्हणतात. विजापुरात १५७९ साली अलीने बांधलेली चांद बावडी तिच्या नावाने आहे.

मूल मात्र झाले नाही. १५८० साली अली आदिलशहाचा राजवाड्यातच खून झाला आणि त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला. त्याचे पालनपोषण आणि शिक्षण चांदबिबीकडे सोपवले गेले, कारभार कामीलखान नावाच्या सरदाराकडे. इथे तिने एक चूक केली असे मला वाटते. कामीलखान मुजोर झाला, तेव्हा त्याला काढण्यासाठी तिने किश्वरखानाला हाताशी धरले. कामीलखानाचा जीव गेला आणि किश्वरखान त्याच्याहून वरचढ मुजोर निघाला. त्याने मुस्तफाखान या वजनदार सरदाराचा खून करवला. चांदबिबीने याला विरोध केला, तेव्हा तिच्याशी तलवारीने लढण्याची त्याला गरज पडली नाही. त्याने एक बोल उठवला. ती आपल्या भावाला, नगरच्या निजामशहाला, गुपचूप पत्रे लिहून विजापूरवर चालून यायला सांगते आहे, एवढे दरबारात पसरवले की काम झाले. माहेर नगरचे, त्यामुळे खरे वाटायला वेळ लागला नाही. तिला अंतःपुरातून बाहेर काढून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले.

हा भाग वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. मागच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमीत उशीर झाला, शेवटची गाडी चुकली आणि वर्गातल्या एका मुलाने मला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडले. सकाळी दूध घालायला गेलेल्या वडिलांना ही बातमी माझ्याआधी दुसऱ्यांकडून कळली, आणि तिखटमीठ लावून कळली. आठ दिवस घरात कोणी माझ्याशी नीट बोलले नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. शिक्षण बंद होते की काय अशी वेळ आली होती. आजीने मधे पडून ते निभावले. राणीची आणि माझी बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करत नाही. पण बाईमाणसाच्या बाबतीत पुरावा मागायची पद्धत नाही, एवढे मात्र त्या आठ दिवसांत मला समजले.

किश्वरखानाचे पुढे काय झाले? विजापूरच्या लोकांचे चांदबिबीवर प्रेम होते. राजधानीत संताप उसळला, हबशी सरदारांनी उठाव केला, किश्वरखान पळाला आणि गोवळकोंड्यात मुस्तफाखानाच्या माणसाकडून मारला गेला. चांदबिबी साताऱ्याहून सन्मानाने परत आली. एवढ्यात नगर आणि गोवळकोंड्याच्या फौजांनी विजापूरला वेढा घातला. पावसात तटाचा एक भाग ढासळला, तेव्हा ती रात्रभर खिंडाराशी उभी राहून काम करवून घेत होती, असे सांगतात. ज्या नगरला तिने बोलावले असा आरोप होता, त्याच नगरच्या फौजेविरुद्ध! याहून मोठा पुरावा आणखी काय हवा होता, कळत नाही.

१५८४ च्या सुमारास इब्राहिमच्या बहिणीचे लग्न मूर्तझाच्या मुलाशी, मिरान हुसेनशी, झाले. त्या नवरीबरोबर चांदबिबी वीस वर्षांनी माहेरी आली. माहेर मात्र पहिले राहिले नव्हते. मूर्तझाला लोक दिवाणा म्हणत; तो बागेतल्या महालात एकांतात राही आणि राज्य सलाबतखान चालवी. हाच तो डोंगरावरचा सलाबतखान. बादशहाने लहर लागून कैदेचा हुकूम काढला, तेव्हा हाताशी सत्ता असूनही तो मुकाट्याने कैदेत गेला. १५८८ मध्ये मिरान हुसेनने बापाला हमामखान्यात कोंडून मारले. वर्षभरात तोही मारला गेला. त्यानंतरची नावे पाठ करणे हा परीक्षेपुरता प्रकार आहे. सांगायचे एवढेच की १५९५ पर्यंत सात वर्षांत गादीवर चार जण बसले आणि शेवटचा इब्राहिम निजामशहा विजापूरकरांशी लढताना पडला. त्याचा मुलगा बहादूर अगदी तान्हा होता.

आता खरी गुंतागुंत सुरू होते. कादंबरी लिहिणाऱ्याला याहून अधिक काही कल्पावे लागू नये. मियाँ मंजू या दख्खनी सरदाराने तान्ह्या बहादूरला चावंडच्या किल्ल्यावर बंदीत धाडले आणि अहमद नावाच्या एका मुलाला निजामशाही वंशाचा म्हणून गादीवर बसवले. थोड्याच दिवसांत बोभाटा झाला की अहमद त्या घराण्यातला नाहीच, त्याच्या बापाने वंशाची खोटी बतावणी केली होती. हबशी सरदार चिडले. पण बहादूर त्यांच्या हाती लागेना, म्हणून त्यांच्या पुढाऱ्याने, इखलासखानाने, बाजारातून मोती नावाचा एक पोरगा आणला आणि हाच खरा वारस म्हणून छत्र धरले! तिसरा सरदार नेहंगखान याने सत्तर वर्षांच्या शहाअली नावाच्या म्हाताऱ्याला उभे केले. तो निदान खरोखरच राजघराण्यातला होता. आणि चांदबिबी तान्ह्या बहादूरच्या बाजूने होती. एका गादीला चार धनी, त्यांतले दोन बनावट.

या भांडणात आपण हरतो असे दिसताच मियाँ मंजूने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, मदतीला या असे पत्र लिहिले. हे पत्र खरे होते, कुजबूज नव्हती. मोगलांना दख्खनचे दार या पत्राने उघडले. पुढे पश्चात्ताप होऊन तो अहमदला घेऊन निघून गेला आणि किल्ला चांदबिबीच्या हाती आला. मियाँ मंजूला फितूर म्हणून कोणी भोसकले नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

डिसेंबर १५९५ मध्ये मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम यांच्या फौजा नगरपुढे आल्या. अब्दुर्रहीम म्हणजे हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे आपण पाठ केले तोच रहीम. शहजाद्याचे आणि त्याचे पटत नव्हते, त्याचा नगरला फायदा झाला. मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतल्या एका शिराजी सरदाराला किल्ल्यातल्या लोकांची दया आली आणि रात्री येऊन त्याने जागा दाखवल्या. चांदबिबीने आतून खणायला लावून दोन सुरुंगांतली दारू काढून घेतली. तिसऱ्याचे काम चालू असतानाच, फेब्रुवारी १५९६ मध्ये, मुरादने खानखानानला न विचारता बत्ती दिली. तट उडाला, खणणारी माणसे त्यात गेली, मोठे खिंडार पडले आणि किल्ल्यातले कित्येक सरदार पळायच्या बेतात आले. त्या वेळी चांदबिबी अंगात चिलखत घालून, तोंडावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेऊन खिंडारात येऊन उभी राहिली. पळणारे परत फिरले. दिवस मावळेपर्यंत हल्ल्यामागून हल्ले झाले, खंदक प्रेतांनी भरला, पण मोगल आत आले नाहीत. रात्री दगड, माती, लाकूड, जे हाती लागेल ते रचून तिने तट पुन्हा सात-आठ फूट उंच केला. सकाळी शत्रूला खिंडाराच्या जागी भिंत दिसली. तेव्हापासून तिला चांदबिबीऐवजी चांद सुलताना म्हणू लागले.

सोन्याच्या गोळ्यांची गोष्ट याच वेढ्याची. खरीखोटी कशी असेल ती असो, मला त्या रात्रीतली माती वाहणारी माणसे जास्त खरी वाटतात. दुष्काळी कामावर माती वाहिलेल्या माझ्या आजीला रात्रीत सात-आठ फूट भिंत म्हणजे काय हे सोन्यापेक्षा लवकर कळते.

शेवटी तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यावे आणि त्यांनी बहादूरला निजामशहा मानावे. वऱ्हाड देण्यावर ती सही करायला फार कचरली, पण विजापूरची मदत अजून दूर होती आणि किल्ल्यात अन्न नव्हते. तिने व्यवहार पाहिला.

मेडोज टेलर या इंग्रज गृहस्थाने तिच्यावर एक ऐतिहासिक प्रेमकथेची कादंबरी लिहिली आहे. हैदराबादच्या निजामाच्या नोकरीत असताना सुरपूर, नळदुर्ग या भागांत त्याची बरीच वर्षे गेली. तो १८७६ साली वारला आणि ‘ए नोबल क्वीन’ ही कादंबरी १८७८ साली प्रसिद्ध झाली. आमच्या सरांनी दिली म्हणून दिवाळीच्या सुट्टीत शब्दकोश जवळ ठेवून मी ती वाचायला घेतली. निम्मे समजले, निम्मे अंदाजाने पुढे ढकलले. सरदार, प्रीती, कारस्थाने, सारे काही आहे, आणि राणी नावाप्रमाणे थोर आहे. फारच थोर आहे. तिच्यावर एक डाग पडू नये याची लेखकाला इतकी काळजी की ती कधी कधी संगमरवराची वाटते. आमच्या सोन्याच्या गोळ्यांचे आणि साहेबाच्या कादंबरीचे याबाबतीत जमते. दोघांनाही कधी न झुकणारी राणी हवी आहे. खरी चांदबिबी झुकत होती, वाटाघाटी करत होती, मोजून मापून देत होती. त्याच काळात इंग्लंडात एलिझाबेथ राणी राज्य करत होती. तिने लग्नाच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे लांबवून परक्या राजांना खेळवले, आणि इंग्रज इतिहासकार त्याला मुत्सद्देगिरी म्हणतात.

तहानंतरची चार वर्षे म्हणजे नुसता मनस्ताप. तिने महंमदखानाला पेशवा नेमले. तो तिलाच कोंडू पाहू लागला. तिने विजापूरहून मदत मागवली, ज्या इब्राहिमला तिने वाढवले त्याने ती पाठवलीही. तेव्हा या महंमदखानाने मोगलांना पत्र लिहिले. हे दुसरे खरे पत्र! किल्ल्यातल्या शिपायांनीच त्याला धरून तिच्या हवाली केले. मग नेहंगखान पेशवा झाला. त्यानेही बहादूरला ताब्यात घेऊन तिला दूर सारायचा घाट घातला, तेव्हा तिने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. १५९७ च्या आरंभी गोदावरीकाठी सोनपेठजवळ दख्खनच्या एकत्र फौजांचा मोगलांनी पराभव केला. १५९९ मध्ये मुराद मेला, त्याच्या जागी अकबराचा दुसरा मुलगा दानियाल आला आणि स्वतः अकबर बऱ्हाणपूरपर्यंत उतरला. घाटात मोगलांना अडवायला गेलेला नेहंगखान लढाई न देताच जुन्नरकडे निघून गेला.

१६०० सालच्या पावसाळ्यात ती पुन्हा त्याच तटाच्या आत होती. वय पन्नासच्या आसपास. बाहेरून मदत यायची नव्हती. आत एक लहान मूल होते, आणि किल्ला पडला तर त्याचे काय होईल हे तिला दिसत होते. तिने हमीदखान या सरदाराला बोलावून आपला विचार सांगितला. किल्ला द्यावा, बदल्यात शिबंदीच्या जिवाची आणि मालाची हमी घ्यावी, आणि बहादूरला घेऊन सुखरूप जुन्नरला जावे. यात गुप्त असे काही नव्हते. तो सल्ला होता आणि सल्ला विचारण्याचा तिला अधिकार होता. हमीदखान बाहेर धावला आणि चौकात ओरडत सुटला की चांदबिबी मोगलांना मिळाली, किल्ला विकते आहे. वीस वर्षांपूर्वी विजापुरात उठला होता तोच बोल. तेव्हा त्याने तिला साताऱ्याला नेले होते. या वेळी दख्खनी शिपायांचा जमाव तिच्या महालात घुसला आणि त्यांनी तिला ठार केले. चार वर्षांपूर्वी जिच्यामागे खिंडारात उभे राहिले होते, तिलाच.

तिचे म्हणणे बरोबर होते का, हे पडताळायला इतिहासाने फार दिवस घेतले नाहीत. मोगलांनी सुरुंग लावून तट उडवला आणि ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला घेतला. शिबंदीतले पुष्कळ लोक कापले गेले. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. हमीदखानाच्या ओरडण्याने ना किल्ला वाचला, ना बादशहा. निजामशाही नावाला १६३६ पर्यंत टिकली ती मलिक अंबरच्या कर्तबगारीवर. तोही शत्रूशी कधी लढला, कधी तह केला, आणि त्याला कोणी फितूर म्हटले नाही.

तिने विहिरीत उडी घेतली, अशीही एक कथा आपल्याकडे सांगतात. मला ती पटत नाही. पण ती का सांगावीशी वाटली असेल हे समजते. आपल्याच माणसांनी मारले, हे सांगायला जड जाते.

भुईकोट किल्ला दाखवताना लोक नेहरूंची खोली आधी दाखवतात. १९४२ ते १९४५ या काळात ते तिथे कैदेत होते, आणि ते योग्यच आहे. २०२४ साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले. चोंडीच्या अहिल्याबाईंवर तर आमच्या जिल्ह्याचा हक्कच आहे. चांदबिबीच्या नावाची गोष्ट मात्र किल्ल्यापेक्षा त्या डोंगरावर जास्त चालते.

या श्रावणात आजीला घेऊन मी शहाडोंगरावर गेले. वर वारा फार होता. तळघरातल्या कबरी दाखवून मी तिला सांगितले की हा सलाबतखान, हा कारभारी होता, चांदबिबी इथे कधी राहिली नाही. आजीने पदर सावरत सगळे नीट ऐकून घेतले. मग पहिल्या मजल्यावरच्या कमानीत बसून भाकरी सोडली, आमचे रान कुठे दिसते ते शोधले, आणि सापडल्यावर मला म्हणाली की चांदबिबीच्या महालातून आपली विहीर अगदी स्पष्ट दिसते.